बीपी-शुगरची गोळी मोफत आहे, तरी माणसं का येत नाहीत?

उपकेंद्रवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय. सातारा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं आहे, गावात मात्र अजून ‘नर्सबाईंची खोली’च म्हणतात.

विषय बीपी आणि शुगरचा. आमचा जिल्हा या कामात तसा जुना. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्यांदा घेतले होते. त्यामुळे यंत्र आहे, उपचाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, तपासणी मोफत, गोळ्या मोफत. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका किती ते गुणांनी ठरवणारा) भरतात, गुण चारच्या वर गेले की त्याला आधी तपासायला आणायचं. माणूस सापडतो. पहिल्या गोळ्या घेऊन जातो. दुसऱ्या महिन्यालाही येतो. मग गळतो. तीन महिने बीपी मोजलं गेलं नाही की आमच्या यादीत तो ‘मिस्ड’.

आढावा बैठकीत या नावांवर एकच वाक्य ऐकायला मिळतं: “लोकांना किंमत नाही.”

मला ते पटत नाही. एक उदाहरण देते. आमच्याकडची एक आक्का, शेतमजूर, बीपी १८० च्या घरात. महिनाभर गोळ्या नीट खाल्ल्या, १४० च्या आत आलं, आणि बाई गायब. गाठलं तर रानात भांगलणीला, तण काढायला बसलेली. तिथंच बांधावर बसून हिशोब केला. सकाळच्या ओपीडीला यायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज गेला. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता, आमच्याकडे भांगलणीलाही बाईला साधारण तेवढेच मिळतात. वर वडापचं, म्हणजे शेअर जीपचं, जाऊन-येऊन भाडं. शिवाय एक दिवस चुकली तर टोळीत दुसरी बाई बसते, मग उद्याचं बोलावणं येईलच असं नाही. म्हणजे महिन्याच्या मोफत गोळ्या तिला साडेतीनशेला पडतात. जनऔषधी केंद्रात याच गोळ्या चहाच्या पैशात मिळतील, पण ते केंद्र तालुक्याच्या गावी.

ती मला म्हणाली, “मॅडम, डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. रोज कशापायी बुडवू?” यावर माझ्याकडं पुस्तकी उत्तर होतं. दिलं नाही.

तर विचारायचंय की तुमच्या भागात, ओळखीत, घरात या माणसांना टिकवून धरायला खरंच काय उपयोगी पडलं? जनजागृती हवी वगैरे मला रोज ऐकायला मिळतं. केलेलं काही असेल तर सांगा.

पेठेतला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फुकट दिलं की किंमत राहत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरसुद्धा मोफत झाला. स्ट्रिपमागे वीस रुपये घ्या, बघा कशा जपून खातात. मोबाईलच्या रिचार्जला पैसे असतात, तंबाखूला असतात, आणि तब्येतीचं आलं की रोज बुडतो. माझी आई पंचाहत्तरीची आहे, एक गोळी चुकवत नाही.

नाका_क्लिनिक

पेठेतला साहेब, मी मुंबईतल्या एका वस्तीत पत्र्याच्या खोलीत दवाखाना चालवतो. माझ्याकडे कोणी फुकट येत नाही. सगळे पैसे मोजतात आणि तरीही गळतात. तुमची वीस रुपयांची योजना माझ्या गल्लीत कधीची चालू आहे, निकाल हा असा. आपल्या मातोश्रींना गोळी पाण्याच्या पेल्यासोबत कोण आणून देतं, तेही एकदा बघा.

माझ्याकडे माणसं येतात ती वेळेमुळे. रात्री साडेनऊला माझं शटर वर असतं, सरकारी दवाखान्याचं बहुतेक ठिकाणी नसतं. महापालिकेने २०२२ मध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू केला, रात्री दहापर्यंत उघडा. माझे बरेच बीपीवाले तिकडे वळले. धंदा बुडाला म्हणून मी कुरकुरलो, पण वेळ बदलली की माणूस येतो हे डोळ्यांनी पाहिलं.

आता घरकाम करणाऱ्या बायकांबद्दल, कारण त्यावर कोणी बोलत नाही. शुगरच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड नावाची एक असते. जेवण न करता घेतली तर साखर धाडकन खाली येते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘सकाळी नाश्त्याआधी’. आता नाश्ता म्हणजे काय? माझी एक पेशंट पहाटे पाचला उठून पाणी भरते, काळा चहा पिते, साडेसहाला पहिलं काम. भांडी, लादी, मग दुसरं घर, तिसरं घर. तोंडात पहिला घास पडतो अकराला, तोही तिसऱ्या घरच्या वहिनींनी रात्रीची पोळी दिली तर. गोळी ती इमानदारीने सकाळी घ्यायची. नऊ वाजता दुसऱ्या घरच्या ओट्यापाशी हातपाय लटपटायचे, घाम फुटायचा. दोनदा कप फोडला. मालकीणबाईंनी पगारातून कापले. तिने गोळी बंद केली. मी तिच्या जागी असतो तर मीही केली असती!

हिला कोणी ‘अनियमित रुग्ण’ म्हणेल. मी आता नव्या पेशंटला पहिला प्रश्न विचारतो, “पहिला घास किती वाजता?” आणि गोळी त्या घासाला बांधतो. तिची अकराला घेतो आम्ही. दोन वर्षं झाली असतील, येते बापडी.

दुसरं म्हणजे बीपीच्या ॲम्लोडिपिन गोळीने काहींच्या पायाला सूज येते. वस्तीत पायाला सूज म्हणजे किडनी गेली, हे समीकरण पक्कं, कारण प्रत्येक गल्लीत कोणीतरी डायलिसिसवर आहे. मग ‘गोळीने किडनी गेली’ ही बातमी नळावर पोचते आणि एकाऐवजी पाच जणी गोळी सोडतात. पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की ‘सूज येऊ शकते, आली तर मला दाखव, गोळी बदलू, घाबरू नको’, तर यातलं बरंच टळतं. त्याला अर्धा मिनिट लागतो.

जयू_आशाचीलेक

माझी आई आशा आहे, तिच्या वतीने टंकतेय. ती शेजारी बसून सांगतेय, मी आपली लिहून घेतेय.

सीबॅकच्या एका फॉर्मला आशाला दहा रुपये मिळतात. माणूस शोधायला पैसे आहेत, त्याला टिकवायला वेगळं असं फार काही हाताला लागत नाही. तरी आई जाते, कारण तोंडओळख आहे.

आई म्हणते मोबाईलचा मेसेज कुणाला जातो ते आधी बघा. रजिस्टरमध्ये जो नंबर आहे तो बहुतेक वेळा पोराचा. पोरगा पुण्यात कंपनीत. ‘आपली तपासणीची तारीख उद्या आहे’ हा मेसेज चाकणला शिफ्टमध्ये वाचला जातो आणि आजीला पत्ताच नसतो. सिम तर रिचार्जच्या ऑफरप्रमाणे बदलतात. आईने एक केलंय. नंबराच्या पुढे पेनाने लिहिते, ‘हा नंबर कुणाचा, घरात फोन कुणाच्या हातात, किती वाजता’. आता ती फोन सुनेला करते, तोही दुपारी दोनला, स्वैपाक आटोपल्यावर.

आणि एक. बचत गटाची महिन्याची बैठक असतेच. बायका तिथं हप्ता भरायला यायच्याच, कारण नाही आलं तर दंड. आईने नर्सताईंना गळ घालून यंत्र आणि गोळ्या बैठकीतच आणायला लावल्या. हप्ता भरला की बीपी. ज्या बायका उपकेंद्राची पायरी चढत नव्हत्या त्या आता एकमेकींचे आकडे विचारतात. आमच्या शेजारची काकू तर ‘माझं १३०, तुझं किती’ असं हळदीकुंकवात विचारत होती.

(पुरुषांचं काय करायचं ते आईला अजून सुचलेलं नाही. ते पारावर बसतात आणि बीपी म्हणजे बायकांचं काम समजतात.)

रानपाखरू

+१ जयू. पुरुषांसाठी सलूनवाल्याला धरा. खुर्चीत बसलेला माणूस कुठं जाणार?

पेठेतला

बरं, वेळेचा मुद्दा मान्य. पण खाण्याचं काय? पथ्य पाळायला तर पैसे लागत नाहीत. मीठ कमी करा, गोड सोडा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा.

विळीवर

पथ्याला पैसे लागत नाहीत असं कोण म्हणतं हो?

मी आहारतज्ज्ञ. शिकले तेव्हा तक्त्यात लिहायचो: ओट्स, सॅलडची वाटी, मोडाची उसळ, एक फळ. रेशनवर जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. आता ज्या घरात महिन्याचं धान्य म्हणजे तांदूळ आणि गहू, तिथं भातच शिजणार. ‘ज्वारीची भाकरी खा’ म्हणून सांगणं सोपं आहे, ज्वारी अलीकडे गव्हापेक्षा महाग झाली. गरिबाचं धान्य म्हणून आपण तिची कौतुकं करत बसलो आणि ती गरिबाच्या ताटातून निघून गेली.

भाजी नसेल तेव्हा भाकरीला काय लावतात? ठेचा, खर्डा, लोणचं, सुक्या बोंबलाची चटणी. सगळं खारट. कारण कोरडा घास घशाखाली उतरायला मीठ-तिखट लागतं. मीठ कमी करायचं तर आधी ताटात कालवण आलं पाहिजे.

म्हणून मी हल्ली एवढंच मागते. लोणच्याची फोड रोजऐवजी एकाआड एक. भाताचा ढीग थोडा कमी, डाळ थोडी घट्ट. चहातली साखर अर्धी, कारण दिवसाला सहा चहा होतात आणि त्यातले चार मालकाच्या घरी, तिथं ‘बिनसाखरेचा द्या’ म्हणायची सोय नसते. आणि मशेरी. बायकांच्या मशेरीबद्दल डॉक्टर विचारतच नाहीत, ‘तंबाखू खाता का’ विचारलं की त्या खरोखर ‘नाही’ म्हणतात.

अवांतर: नवरात्रात नऊ दिवस अनवाणी. ज्यांच्या पायाला शुगरमुळे बधिरपणा आलाय त्यांना काटा रुतलेला कळत नाही. दसऱ्यानंतर चिघळलेली बोटं बघायला मिळतात. नवस मोडा म्हणून सांगून कोणी ऐकत नाही. रोज झोपताना नातवाकडून तळवे बघून घ्या, एवढं सांगितलं की ऐकतात.

बीडचा_कोयता

सगळं वाचलं. आमच्या माणसांचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

आई-बाप ऊसतोड. मी शिकलो, आता नोकरीला आहे. दिवाळी झाली की टोळी निघते आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गाव रिकामं. आमच्या बापाचं बीपी गावातल्या आरोग्य केंद्रात निघालं, श्रावणात. गोळ्या मिळाल्या, तीस. पुढच्या महिन्यात अजून तीस. मग टोळी कोल्हापूरकडं गेली. गावातल्या रजिस्टरमध्ये बाप ‘मिस्ड’, आणि कोल्हापूरच्या रजिस्टरमध्ये तो नाहीच.

तिथं गोळ्या मागायला जायचं तर खाडा. आमच्या टोळीत खाड्याला पाचशे कापायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक गेला की दुसऱ्याचंही काम अडतं. आणि मुकादमाची उचल डोक्यावर. दवाखान्यात जायचं तर नवीन केस पेपर, ‘आधारकार्ड कुठाय’, ‘जुनी चिठ्ठी कुठाय’. चिठ्ठी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आणि कोपीला गळती.

आईचं वेगळंच. तिला बीपीसाठी ती लघवी वाढवणारी गोळी दिलेली. ऊसाच्या फडात बाईमाणसानं दर तासाला कुठं जायचं? शेजारच्या रानात टोळीतले पुरुष, ट्रॅक्टरवाला. तिनं ती गोळी दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत घेतलीच नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ‘विसरते’ म्हणाली. खरं कसं सांगणार, समोर पुरुष डॉक्टर.

पेठेतला सर, तुम्ही म्हणता वीस रुपये घ्या. आम्ही दोनशे देऊ. फडावर आणून द्या.

नाका_क्लिनिक

बीडचा_कोयता, आईंचं वाचून लाज वाटली आमच्या धंद्याची. ती गोळी सकाळऐवजी कामावरून आल्यावर घेता येते का, किंवा ती वगळून दुसरी देता येते का, हे तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा. पर्याय असतात. शुगरच्या मेटफॉर्मिनचंही असंच. सुरुवातीला काहींना जुलाब होतात, आणि जिथं संडासाला रांग आहे तिथं ती गोळी पहिल्या आठवड्यातच कचऱ्यात जाते. कमी मात्रेपासून, जेवणासोबत सुरू केली तर निभावतं.

गोळीवाले_काका

मी निवृत्त फार्मासिस्ट. आयुष्य सरकारी भांडारात गेलं. सारखी खेप नको म्हणून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, असं कुणीही सुचवेल. म्हणणं सोपं, पण भांडाराची बाजूही ऐका.

मागणी बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या खपावर काढतात. आता समजा मार्चमध्ये बीपीची टेल्मिसार्टन गोळी संपली. माणसं आली, रिकाम्या हातानं गेली. खप शून्य. पुढच्या वर्षी कागद म्हणतो ‘मार्चमध्ये या गोळीला मागणी नाही’. मग कमी येतात. मग अजून माणसं परत जातात. हे चक्र मी कित्येक वर्षं ई-औषधीच्या, म्हणजे सरकारी औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीच्या, पडद्यावर बघत होतो. एकदा रिकाम्या हातानं परत गेलेला पेशंट पुन्हा येत नाही. त्याचा रोज बुडाला, भाडं गेलं आणि वर ‘पुढच्या सोमवारी या’.

उच्च रक्तदाबाच्या त्या उपक्रमात चांगली गोष्ट काय होती, तर औषधाची मागणी नोंदलेल्या पेशंटच्या संख्येवर काढायला शिकवलं. किती माणसं, कुठल्या पायरीवर, गुणिले दिवस. शाळकरी गुणाकार आहे. आणि सगळ्यांना त्याच तीन-चार गोळ्या. खासगीत प्रत्येक डॉक्टरची वेगळी कंपनी, वेगळं मिश्रण. इथं गोळ्याच मोजक्या, त्यामुळे साठा सांभाळता येतो. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला त्या कामाला, उगाच नाही.

एक गोष्ट मात्र खुपते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, अँजिओप्लास्टी बसते. चांगलंच आहे. पण योजना मुख्यतः भरती होणाऱ्यासाठी. ज्या बाईला किडनी वाचवायला दरमहा बाहेरून गोळ्या आणि तपासण्या घ्याव्या लागतात, तिला ते कार्ड कामाचं नाही. किडनी गेली की मात्र चालतं.

पेठेतला

काका, हा मुद्दा माहीत नव्हता. तरी एक विचारतो, टोमणा नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या इंडियाब अहवालात देशात दहा कोटींवर मधुमेही निघाले. प्रत्येकाच्या दारात गोळी पोचवणार कशी? कोविडमध्ये आशांनी घरी नेऊन दिल्या ते ठीक, पण ते कायमचं जमेल का? पेशंटने काहीच करायचं नाही का?

जयू_आशाचीलेक

आई म्हणतेय, “त्यांना सांग, प्रत्येकाच्या दारात कुणी न्यायला सांगत नाही. बैठक, बाजार, रेशन दुकान, जिथं माणूस आपल्या पायानं येतो तिथं एक पिशवी आणि एक यंत्र नेलं तरी पुष्कळ.”

आणि तंबाखूच्या पुडीचा तुमचा मुद्दा तिला झोंबलाय, त्यावर ती बोलली ते मी टंकत नाही.

उपकेंद्रवाली

दोन दिवस शिबिरात होते, आत्ता सगळं वाचलं. खूप आभार.

पेठेतला, पेशंटने करायचं ते करतोच. माझी आक्का स्वतः गोळी खाते, मी भरवत नाही. तिचा रोज वाचवणं तेवढं माझ्या हातात आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून आठवड्यातून एक दिवस उपकेंद्र संध्याकाळी उघडं ठेवायचं ठरतंय. भांगलणीवरून परतताना बायका आमच्याच रस्त्यानं येतात. ज्यांचं बीपी आटोक्यात आलंय त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम. नव्यांना महिन्याच्याच, कारण त्यांना बघणं गरजेचं आहे. गोळी बदलायची असेल तर ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारी ऑनलाइन सल्ल्याच्या सोयीवरून, डॉक्टरांना तिथूनच गाठता येतं, आक्काला पुन्हा प्राथमिक आरोग्य केंद्राची खेप नको.

बीडचा_कोयता, तुमचं वाचून मात्र झोप उडाली. आमच्या शिवारात दर हिवाळ्यात कोप्या पडतात. मी रोज त्यांच्यावरून जाते. पण ती माणसं माझ्या लोकसंख्येत नाहीत, त्यामुळे यादीत नाहीत, त्यामुळे माझ्या टक्केवारीतही नाहीत. त्यांना गोळ्या दिल्या तर साठा माझा कमी होतो आणि कागदावर काम शून्य. म्हणून कुणी हात लावत नाही. हे इथं लिहिलंय, बैठकीतही बोलणार आहे.

आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याचं ओळखपत्र, सगळीकडे चालतो म्हणतात, पण चौदा आकडे कोपीत कुणाला पाठ असणार. मी साधं कार्ड करणार आहे: गोळीचं नाव, मात्रा, शेवटचं बीपी, तारीख, प्लॅस्टिकच्या पाकिटात. काका, साठ्याचं कसं करू?

गोळीवाले_काका

हंगामाच्या आधीच, म्हणजे ऑक्टोबर उजाडायच्या आत, जादा मागणी टाका. कारणाच्या रकान्यात ‘स्थलांतरित ऊसतोड कामगार, अंदाजे इतके’ असं लिहा, आकड्यासोबत. कारण लिहिलेली मागणी सहसा कापत नाहीत, नुसती वाढवलेली कापतात. कारखान्याच्या शेती विभागाकडे टोळ्यांची यादी असते, ती मागून घ्या. आणि दिलेल्या गोळ्या वेगळ्या वहीत लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच आकडा पुरावा म्हणून दाखवता येईल.

उपकेंद्रवाली

करते काका. बीडचा_कोयता, एक विचारायचं होतं. संध्याकाळी सातला कोप्यांवर गेलं तर माणसं भेटतात का?

बीडचा_कोयता

भरवसा नाही मॅडम. वाहन आलं की रात्रीसुद्धा गाडी भरायला जावं लागतं. त्या गावचा आठवडी बाजार असेल त्या दिवशी दुपारनंतर या, त्या दिवशी बायामाणसं हमखास कोपीवर येतात, पीठ-मीठ आणायचं असतं. आधी मुकादमाला फोन करा, नाहीतर त्याला वाटतं माणसं पळवायला कुणी आलं. आमच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर तुम्हाला खासगी निरोपात पाठवलाय, तो तुमच्याकडच्या टोळ्यांचे नंबर देईल. आणि यंत्राचा मोठा पट्टा असेल तर तो घेऊन या. कोयता मारून बापाचे दंड एवढे झालेत की लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दाखवतं.